आठ, पाच वाजता

डिचोलीच्या वर, चिरे काढून संपलेल्या खाणीत
आमची रेंज. तीन बाजूंना तांबड्या भिंती,
त्यांवर करवतीच्या रेघा,
चौथ्या बाजूने वारा येतो, न विचारता.

पौषातली सकाळ. चटईवर पालथी मी,
पट्टा दंडाला आवळलेला, डावं कोपर रुतलेलं,
जाड कॅनव्हासच्या जाकिटाखाली घाम,
या महिन्यातही.
पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ
वाटाण्याहून जरासं मोठं.
ते दिसत नाही. दिसतो काळा ठिपका,
आणि त्याच्याभोवतीची पांढरी कड
सगळीकडून सारखी आहे ना, एवढंच बघायचं.

पहिल्या पाच गोळ्या एका भोकात.
सहावी वर. सातवी त्याहून वर.
आठवी पुन्हा दहात, जणू काही घडलंच नाही.

तीन महिने हे असं.

मी वजनमापे खात्यात आहे.
म्हापशाच्या बाजारात मासळीवाल्यांचे काटे तपासते,
पितळी वजनं पेटीतून काढून, फडक्याने पुसून.
जो काटा रोज पन्नास ग्रॅमच खातो
त्याचं मला काही वाटत नाही. त्याला वळवता येतं.
जो आज खातो आणि उद्या देतो
तो उघडावा लागतो.

म्हणून मी मला उघडलं.
वहीत लिहिलं: श्वास. अर्धा सोडून थांबायचं, कधी पाऊण सुटतो.
लिहिलं: गाल. लाकडावर त्याच जागी टेकतो का?
चहा बंद केला, नाडी पट्ट्यातून नळीपर्यंत पोचते म्हणून.
डोळे मिटून नेम धरला, उघडले,
तर नळी आपणहून डावीकडे गेलेली;
अशा वेळी हात नाही, कंबर सरकवायची,
हे कळायला दोन आठवडे.
गोळ्यांचा लॉट बदलला. नवऱ्याने किंमत विचारली.
एका वेळी एकच गोष्ट बदलावी, खात्यात मीच शिकवते,
पण त्या रविवारी चार बदलल्या
आणि कशाने काय झालं ते देवालाही कळलं नसतं.
पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन.
वासंतीशी बोलणं बंद.

आग्नेलबाब शेजारी स्टुलावर.
टार्गेटकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी,
गोळी भरताना माझं कोपर हलतं का, तेवढंच बघत होते.
मग म्हणाले, "ऊठ गो,"
आणि माझाच पट्टा दंडावर ओढून
माझ्या चटईवर आडवे झाले,
सत्तरीचे गुडघे कडकड वाजवत.
दहा गोळ्या.
खालच्या रस्त्याने पोदेराचा भोंगा वाजत गेला,
त्यांना ऐकूही आला नसावा.

दुर्बिणीतून मी पाहिलं:
माझीच शिडी. तशीच वर चढणारी,
मध्येच तोच साळसूद दहा.

मला एवढा आनंद व्हायला नको होता.

त्यांनी खिशातून पाना काढला.
पावसात फुगलेलं अक्रोडाचं लाकूड
कोरड्या हवेत आकसलेलं,
आणि पुढचा स्क्रू, ज्याला कुणीच हात लावला नव्हता,
पाऊण फेरा फिरला, सहज.
"तुजी चूक न्हय," ते म्हणाले.
पाना पुसून खिशात ठेवला, आणि मग,
"सगळी न्हय."

पुन्हा दहा गोळ्या.
नऊ रुपयाखाली झाकतील अशा.
दहाव्या वेळी वारा नव्हता, निशाण लोंबत होतं,
कोपर होतं तिथेच होतं,
फक्त बोटाला घाई झाली.
वर डावीकडे कड पातळ होताना मी पाहिली
आणि तेवढ्यात चाप सुटला.

दुर्बिणीला डोळा न लावता मी म्हणाले,
"आठ. पाच वाजता."

आग्नेलबाबांनी वाकून पाहिलं,
बराच वेळ. मान हलवली.

वही उघडली. श्वास, गाल, चहा, वासंती,
काहीच खोडलं नाही.
खाली लिहिलं: बोट.