सतरा नंबरचा डबा

भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत
माझे एकवीस डबे जातात, एकवीस परत येतात.
रिकामा डबा झाकण उघडायच्या आधीच
मनगटाला कळतो.

सतरा नंबर तीन दिवस जड आला.

पहिल्या दिवशी वाटलं, भेंडी आवडली नसेल.
दुसऱ्या दिवशी, टेस्ट असेल; ह्या पोरांची रोजच टेस्ट.
तिसऱ्या दिवशी पोळ्यांची घडीसुद्धा
मी घातली तशीच.

डबे पोचवणारा गोलू म्हणाला,
मौसी, दरवाजा आधा खुलता है,
बस हाथ बाहर आता है.

मी गॅस बंद केला.

तीन जिने. गुडघे कुरकुरतात.
चढताना दिनू आठवत होता, माझा धाकटा,
ज्याला आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं
जेवलास का, अभ्यास झाला का, केस का वाढवलेस.
एक सोडून सगळं.
लोक म्हणतात, तसलं विचारू नये, विचारलं की डोक्यात शिरतं.
अहो, ते आत कधीचं बिऱ्हाड करून असतं.
आपण फक्त कडी वाजवायची.

खोलीत भिंतीवर कॅलेंडर, रोजची तारीख खोडलेली,
आणि एका बुधवारनंतर काहीच खोडलेलं नाही.
पलंगाच्या कडेला टेकले. हिंदीतच विचारलं,
इथे सगळे तेच बोलतात,
बेटा, मरने का मन करता है क्या?

कूलरचं पाणी ठिबकत राहिलं.
मग तो म्हणाला,
हो.

मराठीत.
पाच महिने माझ्या हातचं जेवत होता
आणि मला ठाऊक नव्हतं
हा बुऱ्हाणपूरचा, प्रणीत, घरी आईला आये म्हणणारा.

आयुष्य सुंदर आहे वगैरे मला बोलता येत नाही.
म्हटलं, सांगितलंस ते बरं केलंस. आज मी इथून उठत नाही.
त्याच्या ताईला फोन लावला, देवासहून ती निघाली.
गोलूला म्हटलं, आज भाजी जळाली असं सांग सगळ्यांना.

मंगळवारी ओपीडीच्या बाकावर आम्ही तिघं.
डॉक्टरीणबाईंनी आधी नाव विचारलं, झोप विचारली,
रँक विचारलीच नाही.

पुरता बरा झालाय असं नाही म्हणणार.
गोळ्या आहेत. वाईट दिवस आहेत.
कधी रात्री फोन येतो, काकू, जाग्या आहात का?
असते.

काल सतरा नंबर अर्धा आला.
दोन पोळ्या संपलेल्या, भाजी तशीच,
आणि झाकणात चिठ्ठी.
चिठ्ठी बघून काळजात धस्स झालं, ओल्या हातानंच उघडली.

काकू, भेंडी मला खरंच आवडत नाही.