उन्हाची आवक

मी काट्यावर बसतो. अठ्ठावीस वर्षं झाली.
वडकीच्या फाट्यापासून अर्ध्या कोसावर आमची जिनिंग.
गाडी येते. भरली तोलतो, रिकामी तोलतो,
मधला फरक म्हणजे कापूस.
एवढंच माझं शिक्षण.

म्हणून लोक मलाच विचारतात
टपरीवर, एसटीत, मयतीतसुद्धा :
"काहून गा उकंडराव, चांडकशेटनं
छतावर एवढे आरसे कायले मांडले?"

आरसे नाहीत ते. पण असू दे.

आधी छत म्हणजे नुसता खर्च.
चाळीस हजार फूट पत्रा,
दर मिरगाआधी डांबराचे दोन पिंप,
वरून वानरांची वरात,
आणि खाली रेच्यांवरच्या बायांच्या डोक्यावर
दिवसभर तापत ठेवलेला तवा.
त्याला कुणी मालमत्ता म्हणत नव्हतं.

बँकेचा साहेब आला तेव्हा शेटनं कागद मांडला.
बिल एवढं, हप्ता एवढा,
पाचव्या वर्षी फिटंफाट,
पुढं वीस वर्षं ऊन घरचं.
साहेबानं मान हलवली, चहा संपवला, सही केली.
कारण खरं होतं.
पण ते साहेबापुरतं.

मे महिन्यात सत्तेचाळीस.
गाव दाराआड. जिन बंद. रेचे ताडपत्रीखाली.
काट्याच्या सावलीत कुत्रं आणि मी.
आणि मीटर उलटं धावतं.
वैशाखातलं ऊन कंपनीच्या खात्यात जमा होतं,
सीतादही होऊन गाड्या लागल्या
की तेच काढून वापरायचं.
बायको म्हणाली,
"मंग सांडग्यावानीच झालं की.
उन्हायात वाळू घाला, हिवाळ्यात तळा."
इंजिनियर दोन तास बोलून गेला होता.
मला समजलं ते हे.

पौषातली एक दुपार, लाइट गेली.
सगळे अंगणात येऊन छताकडं बघू लागले,
ऊन तर ढळढळीत होतं,
रेचे मात्र गप्प.
वासनिक लाइनमन खांबावर होता,
तिथूनच ओरडला :
"लाइन मेली का हे बी झोपते!
नाही तं मी मरीन ना इथं!"
बाया हसल्या, भुवयांवरची फुई पुसत.
गावाचा विरस झाला.
एवढा पैसा, अन् लाइट गेल्यावर उपेग नाही?

त्या रात्री गाठी मोजून झाल्यावर
मी शेटला विचारलंच.
तो बराच वेळ बोटांत सरकीचा दाणा फिरवत राहिला.

"उकंडराव, कापसाचा भाव कोण ठरवते?
मी नाही. ढेपेचा? तोही नाही.
गाठीचा भाव तं समुद्रापलीकडं ठरते,
अन् विजेचा दर कागद आल्यावर समजते.
बापाच्या काळापासून
दुसऱ्यानं सांगितलेल्या भावात जगलो.
एक तरी चीज पाहिजे होती
जिचा पंचवीस वर्षांनंतरचा भाव
मले आजच माहीत आहे."

मी काही बोललो नाही.
माझा पगारही त्यानंच ठरवलेला.

हंगामात फुई उडते, पाट्यांवर बसते,
आकडा घसरतो.
म्हणून सुगंधा मडावी पहाटे पाइप घेऊन चढते,
पत्रा तापायच्या आत धुऊन उतरते.
सांगते, वरून कोणाच्या घरावर काय वाळतं
सगळं दिसतं.
रेच्यावरच्या बाया म्हणतात,
आता डोक्यावर पहिल्यासारखं तपत नाही.
शेटच्या कागदात ही ओळ कुठं नव्हती.

आवकच्या वहीत, मागच्या पानांवर,
कुणी न सांगता
मी रोज संध्याकाळी मीटरचा आकडा उतरवतो.
गाडी नंबर : रेघ.
भरली, रिकामी : रेघ.
माल कुणाचा, या रकान्यापाशी
पेन थोडं थांबतं.
मग तिथंही रेघ.