नमुना क्रमांक सतरा

बिसन मडावी टॉवरवर चढायच्या आधी
चपला खाली काढतो.
देवळाबाहेर काढतात तशा नाही,
पाय घसरू नये म्हणून.
मी त्या राखत बसते.
मागच्या मार्चात एक कुत्र्यानं नेली होती.

भांडेवाडीच्या अंगाला बंद पडलेला टॉवर,
वर घारीचं घरटं: काड्या, तारा,
संक्रांतीचा मांजा, शाळेच्या टायची पट्टी.
घार झेपावते, हेल्मेटवर नख वाजतं.
“तिची बी ड्युटी हाय,” तो वरून ओरडतो.

पिलू पिशवीतून खाली येतं.
साडेसहाशे ग्रॅम.
त्यातली निम्मी, माझ्या अंदाजानं,
शनिवारच्या बाजारातली कोंबडीची आतडी.
डोळे अजून घारे नाहीत.
ओल्या चिंचोक्याच्या रंगाचे,
माझ्याकडे न बघता माझ्यामागं बघणारे.

पाठीवरची चार पिसं कात्रीनं.
“पोट्ट्याले दुखते का जी?”
“नाही. पुरं वाढलेलं पीस म्हणजे नख.”

वाढत असतं तोवर रक्त खेळतं त्यात.
मग देठ आतून मिटतो
आणि त्या दिवसांत रक्तात जे होतं
ते पिसातच राहतं.
परत जायला वाट नसते.

प्रयोगशाळेत पिसं तीनदा धुवायची.
वरची धूळ नको आपल्याला,
आतली हवी.
मग नायट्रिक ॲसिड, मग आच.
पिवळा धूर निघतो, पीस जातं,
उरतं ते इतकं नितळ
की पाहुण्यापुढं ठेवावं.

यंत्र त्यातलं शिसं वाचतं, पारा वाचतं.
आकडे मी इथं लिहीत नाही,
ते प्रकल्पाचे आहेत.
माझ्या मालकीचा फक्त कूलर,
महादुल्यातल्या घराचा.
एप्रिलात ताट्या बदलताना
आई जुनी ताटी ओट्यावर आपटते,
राख उडाली की म्हणते, “औंदा कमीच हाय.”
हे ती दरवर्षी म्हणते.

घारच का, असं विचारलं कुणी
तर माझं उत्तर पाठ आहे:
शहर जे टाकतं ते उंदीर खातो,
उंदराला ती.
सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्याच्या ताटात
सगळ्यांचं येतं.
साहेबांना हे वाक्य आवडतं.
बिसननं ऐकलं आणि विचारलं,
“अन् तिच्या खाली जे राह्यते, थे?”

पुढच्या सोमवारी
त्यानं माझ्या टेबलावर काडेपेटी ठेवली.
आत काड्या नव्हत्या.
नातवाचं जावळ होतं,
मऊ, भुरकं, फुंकरीनं हलणारं.
“गाईच्या शेणात घालतेत आमच्यात.
म्या थोडं ठेवलं.
हे बी टाका ना जी मशिनीत.”

मी त्याला समजावलं.
घारीसाठी वनखात्याचा कागद आहे,
माणसासाठी समिती असते,
ती जुलैत बसते.
“बरं,” म्हणाला.
काडेपेटी मात्र उचलली नाही.

नऊ दिवस ती पिसांच्या पाकिटांशेजारी होती.
दहाव्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी जावळ तीनदा धुतलं.
ॲसिडला फरक कळत नाही.
तोच पिवळा धूर,
तेच नितळ पाणी.
वहीत प्रजातीच्या रकान्यात
पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं,
तिथं अजून निळा ठिपका आहे.
क्रमांक सतरा.
शेजारी आकडा.

सकाळी फोन वाजला.
“मॅडम, पोट्टं उडालं जी!”
माझ्या तोंडून निघालं, “कोणतं?”

तो खूप हसला.
मागून ट्रकचा, कावळ्यांचा आवाज येत होता.
“काय मॅडम,
माणसाचं पोट्टं कुठी उडते का.”