चिंचोके

लाईन सहाला गेली. बाराला येईल म्हणाले,
म्हणजे एक.
दुकानात अंधार, वार्निशचा वास, बाहेर फाट्यावर कुत्री,
आणि मी, गुणवंत खंडारे, मोटर वाइंडिंगवाला,
मोबाईलच्या उजेडात
डालड्याच्या डब्यातले चिंचोके मोजत होतो.

कल्पना सुकेशनीची. बारावीला आहे, डोकं चालतं.
“बाबा, दिवसभर राबता अन् रात्री म्हनता काहीच झालं नाही.
जागेवरून उठले का एक चिंचोका टाकत जा डब्यात.
मंग पाहू.”

एक्केचाळीस.
पुन्हा मोजले. एक्केचाळीसच.

दहाचा पाना, कमीत कमी बारा वेळा.
दर वेळी वेगळ्या ठिकाणी सापडला
आणि दर वेळी तिथे मीच ठेवलेला.
पेन्सिलीला चार गेले, ती कानावर होती.
चष्म्याचं सांगत नाही.
आठ वेळा बबन्याच्या टपरीवर.
पाना तिथे नाही हे मला ठाऊक होतं.
दोनदा उठलो, आणि उभं राहिल्यावर आठवेना कशासाठी.
तेही टाकले. हिशेब म्हणजे हिशेब.

बरं, हिशेबच निघाला तर सगळाच निघू दे.
कृषी केंद्राने दिलेली डायरी आहे माझ्याकडे:
जानेवारीची दोन पानं मोत्यासारख्या अक्षरात,
फेब्रुवारीत एक मोबाईल नंबर, नाव नाही.
लावून पाहिला एकदा.
पलीकडचा म्हणाला, कोन बोलते?
मीही तेच विचारलं.
त्यानंतर थेट दिवाळी.

बाकी कामं भिंतीवर, कोळशाने.
पुंजाराम राठोड, पाच एचपी, मंगळवार.
मंगळवार खोडून शुक्रवार.
शुक्रवारवर सुकेशनीने लहानपणी काढलेला बैल आहे,
म्हणजे ही मोटर जुनी, की मंगळवार जुना,
तेही आता सांगता येत नाही.
“उद्या नेजा भाऊ” हे वाक्य माझ्या तोंडून
श्वासासारखं निघतं,
आणि उद्या तो माणूस खरंच येतो,
हरभऱ्याचं ओलित थांबवून, तेरा किलोमीटर,
मोटरसायकलला मागे दोरी बांधून.

माझ्यासारख्या माणसाला
मी कामाला ठेवलं नसतं.

पण पोरीने आणखी एक विचारलं, डब्याचं झाकण लावता लावता:
“दहा ते साडेबारा काय करत होते?
कॉलेजात जाताना पाहिलं तं सहा होते.
परत आली तरी सहाच.”

दहा ते साडेबारा.
पुंजारामची मोटर भरत होतो मी.
एकेका गाळ्यात बासष्ट फेरे, तार केसासारखी,
तो शेजारी बसून घाटेअळीचं सांगत होता,
त्याच्या साळ्याच्या लग्नाचं, मग पुन्हा अळीचं,
मी हो हो म्हणत होतो
आणि आतून एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न.
एक फेरा चुकला नाही.
चुकला असता तर तार पेटून सांगितलं असतं तिनेच.
कानावर पेन्सिल होती तेव्हाही,
मला ती लागली नाही.

सुकेशनी काही बोलली नाही.
चिंचोके तिने पिशवीत भरले, पुढच्या वेळेसाठी.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या डाव्या हाताला
मी खिळा ठोकला. फक्त दहाच्या पान्यासाठी.
बाकीच्यांचं नंतर बघू, एकदम सगळं सुधारलं
तर गिऱ्हाईक घाबरेल.
चार दिवस पाना खिळ्यावर राहिला.
येता-जाता मी त्याच्याकडे असा पाही
जसा नोकरी लागलेल्या पोराकडे बाप.

पाचव्या दिवशी खिळ्यावर छत्री होती.
काळी, मुठीजवळ दोऱ्याने शिवलेली, कुणाची कोण जाणे.
सगळ्यांना विचारलं. बबन्या म्हणे माझी नाही.
फेकवत नाही, कुणीतरी येईल शोधत;
त्याच्याही घरी डब्यात पडत असतील चिंचोके.

आता पाना
छत्रीच्या दांड्याला अडकवतो.