दोरीवरचे कपडे

मॅन्सी, माझा नवरा, आरमारात सिग्नल-अधिकारी होता.
एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचंच बोलणं वाहिलं,
दिव्याच्या झडपेतून, निशाणांतून,
रात्री तारेच्या कटकटीतून,
एक अक्षर न सांडता.

स्ट्रॉमनेसला वारा पडत नाही कधी.
मी कपडे वाळत घातले की तो खिडकीतून वाचतो:
"थोरा, ती पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची खोळ म्हणतेय, वाटाड्या हवा.
आणि ते दोन मोजे? व्याकरण चुकलं तुझं."
चिमटे दातांत, तरी मी हसते.

एकदाच सांगितलं त्यानं, मेंढी अडली होती त्या रात्री.
मुर्मान्स्कच्या वाटेवर मागच्या जहाजानं दिव्यानं विचारलं,
पाण्यात माणसं आहेत, थांबू का?
कॅप्टन बोलला ते यानं पाठवलं.
नाही. ताफा सोडू नका.
"बोट जरासुद्धा अडखळलं नाही," म्हणाला.
"शाबासकी मिळाली. हात स्वच्छ आहे म्हणून."
मग कोकरू पुसत बसला, उजाडेपर्यंत.

निवृत्तीचं घड्याळ खणात आहे. किल्ली मीच देते.

काल चादर धुतली, अर्धी लाल, अर्धी पिवळी.
मला काय ठाऊक,
वाऱ्यानं ती दोरीवर तिरकी फिरली.
तो अनवाणी अंगणात आला,
ओलीच उतरवली,
आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला.
पाणी त्याच्या पावलांवर निथळत होतं.

ती काय म्हणत होती,
मी विचारलं नाही.