हात आडवा

मोनाप्पा घाडी, लोंढा केबिनचे, रिटायर,
स्टुलावर बसलेत, टोपी गुडघ्यावर.
रिपोर्ट इंग्रजीत. फॉर्म कानडीत.
दोन्ही उलटेपालटे करून म्हणाले,
"तूच सांग बघू बाई, आपल्यात.
पोटात कुठली गाडी घुसलीय?"

सांगायचं खरं डॉक्टरांनी.
माझं काम काच रंगवायचं:
मेणात बसवलेला आतड्याचा तुकडा,
केसाहून पातळ काप,
एकेका प्रथिनाचा माग काढणारं औषध.
सापडलं तिथं तपकिरी.
पण डॉक्टर हुबळीला गेलेले.

तर आतड्याचं अस्तर, मी म्हटलं,
चार-पाच दिवसांत नवं होतं.
म्हणून तिथं सारखे निरोप चालू.
वाढ. थांब. आता गळून पड.
एक प्रथिन दुसऱ्याला शिवतं, दुसरं तिसऱ्याला,
"म्हणजे आमचं ब्लॉक इन्स्ट्रुमेंट.
इकडनं टण टण, तिकडनं टण टण."
तेच.

बीटा-कॅटेनिन म्हणून एक आहे.
त्याची जागा पेशीच्या शिवेवर,
शेजारणीचा हात धरून.
(शिवेवर हात धरून राहणं आम्हां दोघांना शिकवायला नको.
त्यांची बहीण हल्याळात, माझी आई चंदगडची.)
ते जास्त झालं की एपीसी नावाचं दुसरं
रोजच्या रोज झाडून काढतं,
बाजार उठल्यावर खडे बाजारात यावा कुणी तसं.

तुमच्यात तो झाडणारा गेला.
दहाएक वर्षं झाली असतील.
तुम्ही केबिनमध्ये असाल, डबा उघडून.

काचेखाली पाहिलं तर शिवेवर कुणी नाही.
सगळा तपकिरी रंग केंद्रकात शिरलेला,
वाढ, वाढ, वाढ म्हणत.

आणि के-रास.
"रास? भाताची?"
नाव आहे हो नुसतं.
बाहेरून आलेल्या कागदावर लिहिलंय,
त्याच्या बाराव्या जागेचं अक्षर बदललं.
एरवी ते चालू होतं, निरोप देतं, बंद होतं.
आता बंद होत नाही.
सिग्नल पडला तो पडलाच. गाडीमागून गाडी.

इथं मोनाप्पा पहिल्यांदा भडकले.
"असं कसं?
तार तुटली तर हात आडवा व्हायला पाहिजे की!
मागं वजन टांगलेलं असतंय.
तार तुटू दे, केबिन जळू दे, मी लिव्हरवर मरून पडू दे,
हात आपोआप आडवा.
बनवतानाच तसं बनवलंय.
हे कुणी बनवलं?"

मी काच पुसत राहिले. ती पुसलेलीच होती.

वजनं होती, काका.
एक थांब म्हणणारं.
एक पी-त्रेपन्न, बिघडलेल्या पेशीला मर म्हणणारं.
"आणि?"
सुटली.
"एकदम?"
नाही. एकेक. वर्षांची अंतरं ठेवून.

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते,
तिथं फक्त जनरेटर आहे.

"पुढं कुठवर गेलीय?"
चौदा गाठी काढल्या, दोनात सापडली.
"म्हणजे पुढचं स्टेशन."
हो.
"त्याच्या पुढचं?"
यकृत. तिथं अजून नाही.
"तिथं अजून नाही," त्यांनी परत म्हटलं,
फोनवर खासगी नंबर परत म्हणतात त्या आवाजात,
पक्का करून घेत,
वहीत लिहून ठेवणार असल्यासारखं.
मग टोपी झटकून घातली.
सोमवारी येतो म्हणाले, केमोला,
पॅसेंजर वेळेवर असली तर.

रात्री टिळकवाडीत दुसरं गेट पडलेलं.
पुढं ऊसाचा ट्रॅक्टर, मागं रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न.
रुळावर अजून काहीच नव्हतं,
नुसता दांडा, आडवा, त्यावर लाल दिवा.
मी स्कूटर बंद केली.
थांबलेल्या त्या सगळ्या गर्दीत
मला इतकं बरं का वाटलं,
कुणाला सांगणार.