एका खेपेचं

पास्कूने आदल्या दिवशीच बजावलं होतं,
"एका खेपेक मावतला तेवढाच घेवा.
सुकती लागली की मी येवचंय नाय."

देवबागचं भाड्याचं घर मालकाला परत हवं होतं,
एसी लावून पर्यटकांना द्यायला.
आम्हाला खाडीपलीकडे, कोरजाईत,
दोन खोल्या मिळाल्या, एक पडवी
आणि विहिरीत निम्मा वाटा.
टेम्पोने वळसा घालून अर्धा दिवस, तीन हजार रुपये.
होडीने पंधरा मिनिटं.

मी यादी करायला बसलो.
होड्यांची इंजिनं खोलणारा माणूस मी,
उरलेला वायसरही डब्यात जपणारा.
दोन पानं भरली.
नूतनने ती वाचली, मोरीशी बांगडे साफ करता करता,
ओल्या हातांना लागू नये म्हणून मान वाकडी करून,
आणि विचारलं,
"ह्यातलं काल काय काय हातात घेतलंस?"

काल?
काल विळी. तवा. कंदील, कारण लाईट गेली होती.
दादूची चड्डी, तीनदा.
रेडिओ. पाना, बारा नंबरचा.
मग मला पुढचं आठवेना.

सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल होतं आमच्याकडे, हप्त्यांवर घेतलेलं.
त्यावर कधी कोणी जेवलं नाही.
इस्त्रीचे कपडे जेवले, वीजबिलं जेवली,
तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी जेवली.
आम्ही त्याच्या शेजारीच, खाली,
चार ताटं, मधे भाताचं पातेलं,
आणि दादूचा पाय हटकून कोणाच्या तरी सोलकढीत.

टेबल राहिलं. सोनेरी काठाचे बारा कप राहिले,
जे पाहुण्यांसाठी होते, आणि पाहुणे
ज्या कपाटाच्या भीतीने चहाच नको म्हणायचे, ते कपाटही.
कपाटाजवळ मी जरा जास्त वेळ उभा राहिलो, खोटं का बोलू.
त्याच्या आरशात मी बरा दिसायचो.

केतकी नऊ वर्षांची. तिला म्हटलं, तुझं काय ते एका पिशवीत भर.
तिने फणसावरचा झोपाळा सोडला,
फळी तिथेच मुळाशी ठेवली
आणि दोरखंड खांद्यावर वेटोळं करून आली.
"फळी?"
"फळी मिळेल कुठेही."
"आणि झाड?"
तिने माझ्याकडे असं बघितलं,
जणू खाडीपलीकडे कोणी झाडं लावायची विसरलंच असेल!

भरती पुरती चढली होती. पास्कूने होडी लावली,
सामान चढलं, आम्ही चढलो,
तरी पाण्याच्या वर वीतभर लाकूड कोरडं.
तो घराकडे बघतच राहिला.
"बाकीचा खंय?"
"इतकंच," नूतन म्हणाली,
आणि पातेल्यावरचं झाकण दाबून धरलं.
आत आठळ्या उकडलेल्या होत्या. कोमट.
मधल्या पाण्यात आम्ही त्या सोलून खाल्ल्या,
पास्कूनेसुद्धा, एका हाताने सुकाणू सांभाळत.

आता सहा महिने झाले.
टेबलाचा हप्ता अजून जातो, दर पाच तारखेला,
तेव्हा मी अर्धा दिवस घुम्यासारखा असतो.
नूतन काही बोलत नाही. त्या दिवशी तिसऱ्याची आमटी करते.
पंखा एकच आहे. चौघं त्याच्याखाली आडवे,
रात्री कोणाचा हात कोणाचा, कळत नाही.
दादू मधे सरकून सरकून
सकाळी बरोबर उंबऱ्याशी सापडतो.

आणि कप चारच आहेत.
परवा पलीकडून नूतनची बहीण आली, नवऱ्याला घेऊन.
मुलांनी पेल्यातून दूध घेतलं, तरी एक माणूस जास्त होतं.
म्हणजे कप तीनच, एकाचा कान मी इंजिन धुताना फोडलाय.
मी म्हटलं, तुम्ही घ्या, मी मागून घेतो,
आणि पडवीच्या खांबाला टेकून बसलो.

चहा पिताना नूतन डोळे मिटते.
पहिल्या घोटाला, क्षणभरच.
बारा वर्षं झाली लग्नाला.
दर वेळी माझ्याही हातात कप असायचा.